उन्हातली सुगंधी पायघडी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

भर उन्हाच्या जागेत जमिनीलगत पसरणाऱ्या सुवासिक झाडांविषयी या वेळी बरीच पत्रे आली, म्हणून संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत आणि सारखेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या बागेत ५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असा एक मोकळा तुकडा आहे. त्यावर सकाळपासून दुपार उलटेपर्यंत थेट ऊन असते. तिथली हिरवळ सारखी पिवळी पडते आणि ती कापत राहण्याचाही आता कंटाळा आला आहे. वर्षभर हिरवे राहणारे, दर वर्षी नव्याने लावावे न लागणारे आणि सुवासिक असे एखादे झाड तिच्या जागी पसरवता येईल का?

उत्तर : पसरवता येईल, परंतु एकच झाड निवडण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतील. त्या जागेवरून माणसांची ये-जा किती होणार, सुगंध पानांचा हवा की फुलांचा, आणि आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो की दमट. या तीन प्रश्नांची उत्तरे बदलली की झाडही बदलते.

पायाखाली अधूनमधून येणाऱ्या जागेसाठी आणि कोरड्या उन्हासाठी रांगणाऱ्या थाइमइतके चोख झाड मला दुसरे माहीत नाही. वनस्पतिशास्त्रात ज्याला थायमस सर्पायलम म्हणतात तो हा थाइम जेमतेम ५ ते १० सेंमी उंच होतो, त्याच्या फांद्या जमिनीवरून सरकत जातात आणि पेरापेराशी मुळे धरतात. एखादी फांदी हलक्या हाताने उचलून पाहिली, तर तिच्या खालच्या बाजूला दोऱ्यासारखी बारीक पांढरी मुळे मातीत उतरलेली दिसतात. तो चटईसारखा पसरतो तो याच मुळांच्या जोरावर. लिंबाच्या वासाचा थाइमही मिळतो, पण तो थोडा उभट वाढत असल्याने पायवाटेपेक्षा कडेला शोभतो. लोकरीसारख्या मऊ पानांचा जो थाइम रोपवाटिकांत हटकून दिसतो, त्याच्या रूपाला मात्र भुलू नये. मी एकदा पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी तो हौसेने लावला होता. दिसायला तो देखणा होता, पण पाने चुरगाळून नाकाशी धरली तरी वास नावापुरताच येत असे. सुगंधासाठी थाइम घेत असाल, तर एक पान चोळून पाहिल्याशिवाय रोप घेऊ नका.

उन्हाळा दमट आणि थंडी सौम्य असेल तर थाइम रडतखडत जगतो. अशा ठिकाणी पानओवा अधिक खात्रीचा. त्याची जाड, लवदार पाने ओव्यासारखा वास देतात, याचे कारण थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल हे ओव्यात आणि थाइममध्ये सापडणारे घटक त्याच्याही तेलात असतात. तो ३० ते ४५ सेंमी उंच होतो आणि फांद्या ठिसूळ असल्याने पायाखाली टिकत नाही. कडक थंडीचा दहिवरही त्याला सोसवत नाही.

फुलांचा सुगंध हवा असेल आणि जागेवरून चालायचे नसेल, तर दोन झाडांचा विचार करावा. पहिले अनंताची रॅडिकन्स नावाची बुटकी, पसरट जात. ती साधारण ३० सेंमीच्या आसपास राहते आणि तिची पाने बारमाही गडद, तकतकीत असतात. दुसरा स्टार जॅस्मिन. त्याच्या नावात जॅस्मिन असले तरी तो जाईजुईच्या कुळातला नाही. तो कण्हेर आणि चाफा यांच्या कुळातला आहे, आणि म्हणूनच त्याचा देठ तोडला की पांढरा चीक येतो. मुळात तो वेल आहे. आधार दिला नाही तर जमिनीवर पसरून ४५ ते ६० सेंमी जाडीचा थर करतो, मात्र आसपासच्या झुडपांवर चढू पाहणारे शेंडे वरचेवर छाटावे लागतात. या दोघांमध्ये मातीचा मोठा फरक आहे. अनंताला आम्लधर्मी माती लागते, म्हणजे सामू (पीएच, मातीची आम्लता मोजणारा आकडा) ५ ते ६.५ च्या दरम्यान. चुनखडीच्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. थाइमचे नेमके उलटे आहे, त्याला थोडी चुनखडीची जमीनच मानवते. त्यामुळे हे दोघे एका वाफ्यात शेजारी लावण्याचा मोह टाळावा.

आता रोपांचा हिशेब. आपला तुकडा १५ चौरस मीटरचा आहे. थाइम ३० सेंमी अंतरावर लावला तर चौरस मीटरला ११ रोपे लागतात, म्हणजे एकूण सुमारे १६५. अनंत ६० सेंमीवर लावला तर सुमारे ४२, आणि स्टार जॅस्मिन ९० सेंमीवर लावला तर १८ ते २० रोपे पुरतात. १६५ हा आकडा पाहून घाबरू नये. वीस-पंचवीस रोपे घेऊन एका कोपऱ्यात लावावीत आणि पुढच्या हंगामात त्यांच्याच मुळे धरलेल्या फांद्या तोडून उरलेला भाग भरत जावा. वर्ष दीड वर्ष अधिक लागेल, पण त्या काळात जागेवर नेमके काय तगते हेही कळेल.

सदाहरित या शब्दाविषयीही थोडे सांगायला हवे. सदाहरित झाडाची पाने गळतच नाहीत असे नसते. ती सगळी एकाच वेळी गळत नाहीत, इतकेच. कडाक्याच्या थंडीत थाइमची हिरवाई मळकट, तांबूस होते आणि ऊब आली की परत उजळते.

प्रश्न : मागच्या वर्षी थाइमची ३० रोपे लावली. पहिले सहा महिने ती उत्तम वाढली. नंतर पाऊस लांबला आणि एकेका रोपाची पाने मधोमध काळी पडू लागली, उपटून पाहिले तर मुळे तपकिरी आणि मऊ झालेली होती. माती काळी आणि चिकट आहे. लावण्यापूर्वी वाफ्याच्या तळाशी खडीचा थर दिला होता, तरी असे का झाले?

उत्तर : आपली रोपे पाण्याने गेली असे म्हणण्यापेक्षा ती हवेवाचून गेली असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. मुळांना श्वासासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. गुदमरलेल्या मुळांवर मग मूळकूज घडवणारे सूक्ष्मजीव हल्ला करतात. पाने मधोमध काळी पडतात ती दाट फांद्यांच्या आत ओल कोंडून राहिल्यामुळे.

तळाशी दिलेल्या खडीच्या थराने निचरा सुधारतो, हा बागकामातला फार जुना आणि फार चिवट गैरसमज आहे. बारीक पोकळ्यांची माती आपल्यातले पाणी धरून ठेवते आणि पूर्ण संपृक्त होईपर्यंत ते खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या थरात उतरू देत नाही. त्यामुळे खडीच्या बरोबर वर, म्हणजे मुळे असतात तिथेच, पाण्याचा एक थर लटकून राहतो. खडी द्यायचीच असेल तर ती संपूर्ण मातीत मिसळावी आणि उरलेली वर पसरावी, तळाशी कधीही नाही.

पुन्हा लावण्यापूर्वी एक साधी परीक्षा करा. वाफ्यात ३० सेंमी खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, तो पाण्याने काठोकाठ भरा आणि पूर्ण जिरू द्या. लगेच दुसऱ्यांदा भरा, कडेला एक काडी उभी रोवून पाण्याच्या पातळीशी खूण करा आणि तासाभराने पाहा. पातळी ताशी ५ सेंमी किंवा त्याहून अधिक उतरली तर थाइमला काही भीती नाही. अडीच सेंमीही उतरली नाही, तर त्या जमिनीत थेट लागवड करू नका. पहिल्यांदा भरलेल्या पाण्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण कोरडी माती सुरुवातीला अधाशासारखे पाणी पिते आणि आपली फसगत होते.

चिकट मातीवरचा खरा उपाय म्हणजे वाफा उचलणे. १५ ते २० सेंमी उंचीचा गादीवाफा करावा आणि त्यातल्या मातीत निम्म्यापर्यंत जाड रेती व बारीक खडी मिसळावी. मूठ-दोन मूठ बारीक वाळू मिसळण्याचा उपयोग होत नाही, उलट चिकणमाती आणि थोडी वाळू यांचा एकजीव झालेला लगदा वाळल्यावर विटेसारखा घट्ट होतो. लागवडीनंतर रोपांच्या बुंध्याभोवती, फांद्यांच्या खाली हात घालून, बारीक खडीचा २ ते ३ सेंमी थर पसरावा. त्याने पावसाचे थेंब माती उडवत नाहीत, फांद्यांची खालची बाजू कोरडी राहते आणि तणाचे बी सहज रुजत नाही. पालापाचोळ्याचे किंवा लाकडाच्या भुश्याचे आच्छादन इतर अनेक झाडांना हितकारक असले, तरी ते ओल धरून ठेवते, म्हणून येथे नको.

हे सारे करण्याइतकी सवड नसेल, तर त्या जागेपुरता थाइमचा नाद सोडावा असे मी प्रामाणिकपणे सांगेन. जमीन न बदलता झाड बदलणे हाही शहाणपणाचाच मार्ग आहे. स्टार जॅस्मिन थाइमपेक्षा जड माती बरीच अधिक सोसतो, अर्थात पाणी तुंबणे त्यालाही चालत नाही.

प्रश्न : आमचा थाइम आणि पानओवा दोन्ही हिरवेगार आहेत. दर महिन्याला शेणखत आणि पंधरा दिवसांनी द्रवखत देतो, रोज पाणी घालतो. तरीही पहिल्या वर्षी येत असे तसा वास आता येत नाही. जात बदलली असेल का?

उत्तर : जात बदललेली नाही, आहार बदलला आहे. या झाडांचा सुगंध पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये साठवलेल्या बाष्पनशील तेलाचा असतो. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घेऊन थाइमचे पान उन्हात तिरपे धरले, तर या ग्रंथी चकाकणाऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. बोटांनी पान चोळले किंवा त्यावर पाऊल पडले की त्या फुटतात आणि वास मोकळा होतो. कीटकांना आणि चरणाऱ्या जनावरांना दूर ठेवणे हे या तेलाचे एक काम आहे, आपल्याला आवडावे म्हणून काही झाड ते तयार करत नाही.

भरपूर नत्र आणि भरपूर पाणी मिळाले की झाड भराभर कोवळी, पाणीदार पाने काढत सुटते आणि तेलाचे प्रमाण त्या मानाने मागे पडते. अशी लुसलुशीत वाढ पायाखाली लगेच आडवी होते आणि मावाही तिच्यावर आधी येतो. थाइमला खत जवळजवळ लागतच नाही. लागवडीच्या वेळी मातीत थोडे कुजलेले कंपोस्ट मिसळले, तर पुढे वर्षानुवर्षे काही दिले नाही तरी चालते. आपण द्रवखत आजच बंद करा, शेणखत पुढच्या वर्षीही देऊ नका, आणि फुलोरा येऊन गेल्यावर कोवळ्या वाढीचा वरचा तिसरा हिस्सा कापून टाका. नवी फूट कमी येईल, पण जी येईल ती सुवासिक येईल. एवढ्या खताची सवय लागलेल्या मातीतले नत्र ओसरायला मात्र काही महिने जातील.

पाण्याचे गणित थोडे निराळे आहे. नवी रोपे पहिल्या हंगामात कोरडी पडू देऊ नयेत, कारण त्यांची मुळे अजून कुंडीच्या आकाराच्या गोळ्यातच असतात. पुढे मात्र बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे, तिथवर कोरडे लागले तरच पाणी द्यावे, आणि देताना ते खोल मुरेल इतके द्यावे. रोज शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच्या थरातच घुटमळतात आणि एखाद्या दिवशी पाणी चुकले की झाड लगेच मान टाकते. पानओवा जाड पानांत पाणी साठवतो, त्यामुळे त्याला याहूनही कमी पुरते.

फुलांच्या झाडांना हा उपाशी ठेवण्याचा नियम सरसकट लावू नये. अनंताला ओलावा आणि आम्लधर्मी मातीसाठीचे खत हवे असते, आणि त्याला थाइमसारखे वागवले तर कळ्या उमलण्याआधीच गळतात.

प्रश्न : लावलेल्या झाडांमधून लव्हाळा आणि हरळी वर येते. खुरपून हात दुखायला लागले. जमिनीवर तणरोधक कापड अंथरून त्याला भोके पाडून रोपे लावली तर चालेल का?

उत्तर : रांगणाऱ्या झाडांसाठी नको. त्यांच्या फांद्या पेराशी मुळे धरून पुढे सरकतात, आणि खाली कापड असले की ती मुळे मातीत उतरू शकत नाहीत. झाड मग भोकापुरते जगते, बाकीच्या फांद्या कापडावर लोळतात आणि उन्हात तापून करपतात. काही वर्षांनी कापडावर साचलेल्या धुळीत तणाचे बी रुजतेच, आणि तेव्हा तण उपटताना कापडही फाटून वर येते. स्टार जॅस्मिनसारख्या मोजक्या रोपांच्या लागवडीत कापड एक वेळ क्षम्य आहे, तरी मला ते पसंत नाही.

थाइम तण दाबून टाकतो असे सांगितले जाते, त्यात अर्धेच तथ्य आहे. दाट पसरलेली चटई नव्या बियांना रुजू देत नाही हे खरे, पण लव्हाळा बियांपेक्षा गाठींवर आणि हरळी जमिनीखालच्या दोरांवर जगते. अशा बहुवर्षायू तणासमोर ५ सेंमी उंचीच्या झाडाचा काय पाड लागणार! म्हणून सगळी मेहनत लागवडीच्या आधी करावी. जागा मोकळी करून कुदळीने खणावी, हरळीचे दोर आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचाव्यात, पाणी देऊन राहिलेले कोंब वर येऊ द्यावेत आणि पुन्हा वेचावेत. असे तीन-चार वेळा केल्यावर गाठींमधला साठा संपत येतो. नुसते वरचे पान खुडून काही होत नाही, आणि यंत्राने माती फिरवली तर हरळीचा एक दोर वीस तुकडे होऊन वीस ठिकाणी उगवतो. कडक उन्हाच्या दिवसांत ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून चार ते सहा आठवडे ठेवल्यास वरच्या थरातले बहुतेक बी उष्णतेने मरते; लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठींचा मात्र यावर भरवसा नाही.

यात एक संपूर्ण हंगाम जातो आणि जागा उघडी, ओकीबोकी दिसते, हे मला कबूल आहे. लव्हाळ्याला सावली मानवत नाही, त्यामुळे जिथे तो काही केल्या हटत नाही तिथे उंच आणि दाट झाड निवडावे.

प्रश्न : कॅमोमाइलची हिरवळ करतात असे वाचले. बी पेरले, फुले छान आली आणि सगळी झाडे वाळून गेली. आमचे काय चुकले?

उत्तर : बहुधा बी दुसऱ्या कॅमोमाइलचे होते. या नावाने दोन झाडे ओळखली जातात. जर्मन कॅमोमाइल हंगामी असतो, फुलून बी धरले की संपतो. जमिनीवर पसरतो तो रोमन कॅमोमाइल, आणि त्यातही हिरवळीसाठी घेतात ती ट्रेनीग नावाची जात. ती फुलतच नाही, म्हणून तिचे बीही नसते. ती मुळासकट फोड करूनच वाढवावी लागते. पानांना सफरचंदासारखा वास येतो. कॅमोमाइल हा शब्दच मुळी ग्रीक भाषेतल्या भूमी आणि सफरचंद या अर्थांच्या दोन शब्दांवरून आला आहे. रोपे १० ते १५ सेंमी अंतरावर लावावीत आणि पहिले तीन महिने तरी त्यावर पाय ठेवू नये. हे सारे थंड, सौम्य हवेसाठी. उन्हाळा कडक किंवा दमट असेल तर या झाडाच्या मागे लागू नये.

प्रश्न : मुले अनवाणी खेळतात. फुलोऱ्याच्या काळात मधमाश्यांची भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे, कारण थाइमचा फुलोरा मधमाश्यांना अतिशय प्रिय असतो. खेळण्याच्या भागातला थाइम कळ्या दिसताच कातरून घ्यावा आणि कडेचा तेवढा फुलू द्यावा. एल्फिन नावाची ठेंगणी जात फारच कमी फुलते, पायवाटेसाठी ती पाहावी.

प्रश्न : तीन वर्षांचा थाइम कडेने सुंदर आहे, पण मध्यभागी टक्कल पडले आहे आणि नुसत्या काटक्या दिसतात. सगळा काढून नवीन लावावा का?

उत्तर : सगळा काढायला नको. थाइमच्या फांद्या वयाबरोबर लाकडी होतात आणि तीन-चार वर्षांनी मध्यभाग उघडा पडतो, हा त्याचा स्वभाव आहे. दर वर्षी फुलोरा संपताच हिरव्या वाढीचा तिसरा हिस्सा कातरला असता, तर ही वेळ बरीच लांबली असती. आता मात्र टक्कल पडलेल्या काटक्या खोलवर छाटू नका, कारण पानेच नसलेल्या जुन्या लाकडातून थाइम सहसा फुटत नाही.

त्याऐवजी रेती आणि माती समभाग मिसळून त्या काटक्यांमध्ये २ ते ३ सेंमी थर भुरभुरावा आणि बोटांनी फटींमध्ये दाबावा. शेंड्यांकडची हिरवी पाने उघडी राहिली पाहिजेत. एक प्रकारे हे दाब कलमच झाले. कडेच्या ज्या फांद्यांनी आधीच मुळे धरली आहेत, त्या कात्रीने मूळ झाडापासून तोडून, मातीच्या छोट्या गोळ्यासकट उचलून मध्यभागी लावाव्यात. याहून अधिक रोपे हवी असतील तर फूल न आलेले ५ ते ७ सेंमी लांबीचे शेंडे घ्यावेत, खालच्या निम्म्या भागाची पाने काढावीत आणि ते रेताड मातीत टोचावेत. तीन-चार आठवड्यांनी शेंडा हलकेच ओढून पाहावा. मातीने तो धरून ठेवला तर मूळ फुटले आहे, आणि अलगद हातात आला तर तोच पुन्हा टोचून आणखी पंधरा दिवस थांबावे.